बडोद्याहून बेट द्वारका: आता पूल झालाय, तर अर्धा दिवस पुरेल का?

तुम्ही विचारलंय की सत्तरीचे आई-वडील आणि शाळकरी मुलं घेऊन डिसेंबरात जायचंय, पुलामुळे बेट अर्ध्या दिवसात होईल का, आणि मंदिराखेरीज तिथे काय आहे.

नुसतं दर्शन अर्ध्या दिवसात आरामात होतं. पण मुलं बरोबर असताना बेटाचा किनारा बघायचा चुकवू नका. त्यासाठी पूर्ण दिवस लागतो, आणि तो दिवस ओहोटी बघून निवडावा लागतो.

आधी गाडीचं बघू. द्वारकेला जाणारी सौराष्ट्र मेल मुंबईहून रात्री निघते आणि बडोद्याला मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे शुक्रवारी जेवूनखाऊन स्टेशनवर जाणार असाल, तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. इथे फार जण चुकतात, आणि चूक कळते तेव्हा गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. रस्त्याने द्वारका साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडते. ज्येष्ठांना रेल्वेच बरी. मुक्काम द्वारकेत करा. तिथून ओखा तीसेक किलोमीटर.

२५ फेब्रुवारी २०२४ ला ओखा आणि बेट जोडणारा सुदर्शन सेतू खुला झाला. मुख्य पूल २.३२ किलोमीटरचा, चौपदरी, तारांनी तोललेला. आता गाडी थेट बेटावर जाते, पण मंदिराजवळच्या गल्ल्या अरुंद आहेत. गाडी अलीकडे ठेवून आई-वडिलांसाठी रिक्षा करा.

मंदिर दुपारी बंद होतं आणि संध्याकाळपर्यंत उघडत नाही. द्वारकेहून निघणाऱ्या बऱ्याच गाड्या रुक्मिणी मंदिर, नागेश्वर, गोपी तलाव करत करत जातात, आणि वाटेत जरा उशीर झाला की बेटावर पोचेपर्यंत दार लागलेलं असतं. तुम्ही क्रम उलटा ठेवा: आधी बेट, बाकीचं परतताना. मंदिराला शिखर नाही, बांधणी हवेलीची आहे, त्यामुळे बाहेरून चटकन ओळखू येत नाही. सुदाम्याच्या पोह्यांची आठवण म्हणून इथे तांदूळ दान करतात. घरूनच मूठ-दोन मुठी बांधून न्या.

आता ओहोटी. घरच्या कालनिर्णयात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ निघते. वद्य तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती. ओहोटी तिच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या आसपास. हा हिशेब तासाभराने चुकू शकतो, म्हणून निघण्याआधी ओख्याचं भरतीचं वेळापत्रक बघून पक्कं करा. मुंबईचं चालणार नाही. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा. तेव्हा उधाण असतं आणि पाणी सर्वांत लांब हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फारसं मागे जात नाही, खडक उघडे पडत नाहीत आणि मुलं हिरमुसतात. तृतीयेचा दिवस तुमच्यासाठी उत्तम: सातला किनाऱ्यावर पोचा, नऊपर्यंत पाण्यातून बाहेर या, मग दार लागायच्या आत दर्शन.

किनाऱ्यासाठी बेटाच्या पूर्व टोकाला डनी पॉइंटकडे जावं लागतं. वाटेत हनुमान दांडी लागते. हनुमान आणि मकरध्वज, बाप-लेक एकत्र असलेलं देऊळ, तेही बघून घ्या. कच्छच्या आखाताचा हा किनारा संरक्षित आहे, म्हणून पुढे जाण्याआधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करा आणि स्थानिक वाटाड्या घ्या. पायात पट्ट्याचे, पक्क्या तळव्याचे बूट हवेत. चपला चिखलात अडकतात आणि प्रवाळाच्या धारेने पाय कापतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात वाळून मरतात. समुद्रफूल, खेकडे, कधी ऑक्टोपस दिसतो, पण हात कशालाच लावू नका. पाणी फिरलं की लगेच परत निघा. भरती समोरून चढताना दिसतेच, पण त्याआधी पाठीमागचे खोलगट चर भरतात आणि वाट तुटते.

प्रवाळ आणखी जवळून बघायचं असेल तर जामनगरच्या वाटेवर वाडीनारजवळचं नरारा गाठा. तिथेही वनखात्याकडे नोंद करावी लागते, आणि आखातात आत असल्याने ओहोटी ओख्यापेक्षा उशिरा येते.

नावेतून डॉल्फिन दाखवायला नेतात. जॅकेट प्रत्येकाच्या अंगात बांधून झाल्याशिवाय बसू नका, आणि नाव भरलेली वाटली तर सोडून द्या. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात नाव उलटली, ती दुर्घटना आपल्याच गावातली आहे.

मुलांना हेही सांगा की हा मुलूख बडोदे संस्थानाचाच होता. १८१७ मध्ये ओखामंडळ गायकवाडांकडे आलं; ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळातलं. इथल्या वाघेर जमातीच्या उठावात, १८५९ मध्ये, इंग्रजांनी बेटच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. गुरू गोविंदसिंगांच्या पहिल्या पाच खालसा शिखांपैकी, म्हणजे पंच प्याऱ्यांपैकी, भाई मोहकमसिंग द्वारकेचे; त्यांच्या नावाचा गुरुद्वारा बेटावर आहे.

परतताना वेळ उरला तर चरकल्याच्या मिठागरांवर थांबा, हिवाळ्यात रोहित पक्षी असतात. बाजारात प्रवाळाचा तुकडा कुणी दिला तरी घेऊ नका. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे, आणि काही जातींच्या शंख-शिंपल्यांवरही.