म्युनिकला यायचंय म्हणता, तर ऐका

तुम्ही विचारलंय: सोलापुरात बसून वेबसाइटची कामं करतो, बायको आणि दुसरीतली मुलगी घेऊन फ्रीलान्स व्हिसावर जर्मनीला यावं का, आणि तिथे एकटं पडायला होतं का. व्हिसाची यादी दूतावासाच्या साइटवर आहे, ती परत उगाळत नाही.

मीही सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला. घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात चादरीच्या मागावर, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली. ती डिग्री होती म्हणून इथल्या टॅक्स ऑफिसने मला 'फ्रायबेरुफ्लर', म्हणजे स्वतंत्र पेशा करणारा, धरलं. नुसता कोर्स केलेल्याला बऱ्याचदा गेवेर्बेत, म्हणजे व्यापारात टाकतात. मग वर्षाचा नफा २४,५०० युरोच्या वर गेला की व्यवसाय कर वेगळा. तुमची डिग्री कशातली, ते लिहिलं नाहीत.

दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, मारून आणा, काम झालं, असं एजंट सांगतात. भारताचं अपोस्टिल जर्मनी मानतच नाही. आमचा विवाहदाखला पडताळायला वकिलातीने नेमलेला माणूस थेट आईच्या दारात. तिला वाटलं पोलीसच आले. शेजारच्या अक्कांना त्याने लग्न कधी झालं विचारलं, तर त्यांनी म्हणे जेवणात काय होतं इथपासून सुरुवात केली. आता हसतो. तेव्हा फाइल अडकलेली आणि बायको सोलापुरात.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका, कामात दिवस जातो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महर्षींचा रथ निघतो, तेव्हा फोन हातातून सुटत नाही, एवढंच. आमच्या विणकर समाजाच्या वधूवर मेळाव्याची साइट अजून मीच फुकट सांभाळतो. 'फोटो आडवा दिसतोय बे' म्हणून भल्या पहाटे फोन येतात. येऊ देत.

सलतं ते शाळेचं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच पोराची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रिआलशूले, म्हणजे त्याखालची मधली शाळा. इथे १ म्हणजे सगळ्यात भारी. माझा मुलगा तिसरीत आला. गणितात १, परिसरात ३, जर्मनमध्ये ४. झाले २.६६, म्हणजे रिआलशूले. उशिरा आलेल्या परभाषिक मुलांना सवलत देता येते, ती मी बाईंकडे मागितली. 'तो तर छान बोलतो, भाषेची अडचण कुठे आहे?' म्हणाल्या. छान बोलतो, मग ४ कसले? पोरगा मजेत आहे, पुढे गिम्नाझियमला जायची वाटही उघडी आहे, सगळं खरं. पण विड्या वळून मला शिकवणाऱ्या आईला हे फोनवर कसं समजवायचं? ती विचारते, पास झाला ना? हो म्हणतो.

यायचंच असेल तर मुलगी तिसरीत जायच्या आत या. इथे शाळा सप्टेंबरात भरते. पुन्हा दुसरीत बसवा म्हणाले तर खुशाल बसवा. आणि काम देऊ असं इथल्या दोन-तीन क्लायंटकडून आधी लेखी घ्या. पत्राचा मसुदा हवा तर माझा पाठवतो.