बाबांच्या मागे उरलेलं इन्सुलिन

प्रश्न : मधुमेही वडील महिन्यापूर्वी गेले. त्यांचं इन्सुलिन, सुया, साखरेच्या नोंदींची वही यांचं काय करावं? काका म्हणतात, रामकुंडात सोडा. – एक वाचक, पंचवटी

उत्तर : गोदावरीत यातलं काहीही नको. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत भरा, झाकणाला चिकटपट्टी लावा, वर ‘सुया’ लिहा आणि घंटागाडीवर वेगळी द्या. पिशवीतली सुई कामगाराच्या हातात घुसते. फोडलेलं इन्सुलिन बहुधा २८ दिवसांत बाद होतं. सीलबंद असेल आणि २ ते ८ अंशांतच राहिलं असेल, तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या गरजू रुग्णाला द्या. बर्फाच्या कप्प्यात गोठलेलं मात्र वितळलं तरी निरुपयोगी. वही ठेवा. अक्षरासाठी तर ठेवाच. शिवाय मधुमेहाचा धोका रक्ताच्या नात्यात वाढतो, तेव्हा तुमचीही उपाशीपोटी साखर तपासून घ्या.