न्हाणीतली गुडगुड आणि गच्चीवरचा पाइप

प्रश्न : वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की खालच्या न्हाणीतल्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि मग बराच वेळ वास. प्लंबर म्हणतो फरशी फोडावी लागेल. फोडू का? (सांगली)

आधी गच्चीवर जाऊन या. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं. दुसरं पाडलं की सरळ धार लागते. गच्चीवर टोपी घालून उभा असलेला व्हेंट पाइप म्हणजे ते दुसरं भोक. तो बुजला की खाली धावणारं पाणी हवा मिळेल तिथून खेचतं, तुमच्याकडे नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठून राहणाऱ्या भांड्यातून. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी साठलेलं असतं, तेवढंच गटाराचा वास अडवतं. ते खेचलं गेलं की वास घरात.

दोऱ्याला कागदाची पट्टी बांधून पाइपच्या तोंडाशी धरा आणि खाली कुणाला तरी फ्लश ओढायला सांगा. पट्टी आत खेचली गेली तर पाइप मोकळा आहे, चेंबर बघा. ढिम्म राहिली तर दुखणं इथंच असण्याची शक्यता जास्त. पट्टीऐवजी उदबत्ती धरायची हुशारी मात्र नको, आतून येणारा वायू पेट घेऊ शकतो.

टोपी काढण्याआधी गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, बघून घ्या. मग टॉर्च मारा. पानं, काटक्या, घरट्याचं गवत पुष्कळदा हातभर आतच अडकलेलं असतं. जाड तारेचं टोक वाकवून आकडा करा आणि कचरा वर ओढा. बांबूने खाली ढोसलात तर बोळा वळणावर जाऊन बसेल, आणि मग प्लंबर म्हणतो तेच खरं होईल. वरचं साफ झालं की होज पाइपने बारीक धार सोडा. खाली न्हाणीपाशी एक माणूस उभा ठेवा. पाणी पाइपात वर चढू लागलं किंवा जाळीतून उसळलं तर नळ लगेच बंद. पुढचं काम पाइपात लांब स्प्रिंग घालून तुंबा काढणाऱ्याचं. घर कौलारू किंवा पत्र्याचं असेल तर वर चढायच्या भानगडीतच पडू नका.

प्रश्न : ॲसिड ओतलं तर? (नाशिक)

घरट्याच्या काटक्या ॲसिडने विरघळत नाहीत. वाफा मात्र तुमच्या नाकात जातील.

प्रश्न : महिनाभर गावी होतो. परत आलो तर बाथरूममध्ये वास. हाही व्हेंटच का? (ठाणे)

बहुधा नाही. उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी सुकतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. पुढच्या वेळी निघताना वरून चमचाभर खाण्याचं तेल सोडा, पाणी उडायला वेळ लागेल.

प्रश्न : सेप्टिक टाकीच्या पाइपातून डास येतात, म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधली. आता संडासात वास येतो. (रत्नागिरी)

पिशवी आजच काढा. टाकीतला वायू त्याच वाटेने बाहेर जातो. ती बंद केली तर तो दुसरी शोधणारच. त्या जागी बारीक नायलॉनची जाळी तारेने आवळा आणि धूळ बसली की बदला. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर पाइप छपराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच हवा. कुंपणाएवढाच असेल तर वाढवून घ्या. हे सगळं पाइपाच्या वरच्या तोंडाशी करायचं काम आहे. टाकीचं झाकण उघडून वाकून बघू नका आणि कुणाला आत उतरवू तर मुळीच नका. उपसायची वेळ आली असेल तर गाडी बोलवा.