रसायन एकच, मग नर उंदरांच्याच यकृतात गाठी जास्त का?

तुम्ही विचारलंय, कर्करोग घडवणाऱ्या रसायनाचा सारखाच डोस दिला तरी नर उंदराच्या यकृतात जास्त गाठी का येतात आणि त्यात पुरुषी हार्मोनचा हात किती. आता माझं सोलापुरात नव्या पेठेत औषधांचं दुकान आहे, पण एम.फार्म.ची दोन वर्षं प्राणिगृहात गेलीत. एप्रिलात तिथला एसी बंद पडला की आम्ही स्वतः घामाघूम, पण आधी पिंजरे हलवायचे! पिल्लांत नर-मादी ओळखायला शेपटी उचलून बघायचो. गुदद्वार आणि जननेंद्रियातलं अंतर नरात जास्त असतं, तीही गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे याच पुरुषी हार्मोनची करणी.

या प्रयोगांतलं नेहमीचं रसायन म्हणजे डायइथाइल नायट्रोसअमाइन, थोडक्यात ‘डेन’. पिल्लू साधारण २ आठवड्यांचं असताना पोटात एकच इंजेक्शन देतात. यकृतातली एन्झाइम्सच त्याला घातक रूप देतात आणि डीएनए बिघडतो. बिघाड माद्यांतही होतो. पण ८-१० महिन्यांनी पोट उघडलं तर नराचं यकृत गाठींनी भरलेलं, मादीत मात्र तुरळक. नराचे वृषण आधीच काढले तर गाठी घटतात, मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर वाढतात. म्हणजे सुरुवात रसायनाची, पुढे रेटणारं हार्मोन.

मला सगळ्यात आवडतो तो १९८९ चा प्रयोग. अँड्रोजेन रिसेप्टरच, म्हणजे पुरुषी हार्मोनचा निरोप पेशीत घेणारं प्रथिनच, निकामी असलेले नर घेतले, तर ते गाठींपासून बरेचसे वाचले. खरी गंमत माद्यांत आहे. या रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीची प्रत्येक पेशी दोनपैकी एकच एक्स वापरते, त्यामुळे एक एक्स चांगला आणि एक बिघडलेला असलेल्या मादीच्या यकृतात काही पेशींत रिसेप्टर असतो, काहींत नसतो. तरी गाठी दोन्ही प्रकारच्या पेशींतून सारख्याच निघाल्या! म्हणजे हार्मोनचा निरोप त्या पेशीला थेट मिळत नाही, आडवाटेने येतो.

मादीकडेही स्वतःचं संरक्षण आहे. २००७ च्या एका अभ्यासात दिसलं की इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन यकृतातल्या कुप्फर पेशींना (तिथल्या रोगप्रतिकारक पेशींना) आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रथिन कमी बनवायला लावतं. आयएल-६ नसलेल्या उंदरांत नर-मादीतला फरक जवळजवळ पुसला गेला.

उंदराची जातही बघावी लागते. सी५७बीआर जातीच्या माद्यांना भरपूर गाठी येतात, तिथे हा सगळा हिशोब कोलमडतो.

आणि हो, यकृताच्या कर्करोगावर अँड्रोजेनविरोधी गोळ्या मागायला कुणी दुकानात येऊ नका. रुग्णांवर त्याच्या चाचण्या होऊन गेल्यात, आयुष्य काही वाढलं नाही.