डॉक्टरांना संशोधनाचा पेपर दाखवावा का?

"काही वाचून गेलं की डॉक्टर चिडतात. गप्पच बसावं का?" हे अनेक नातेवाईक विचारतात. वडिलांच्या मूत्रपिंडावर मधुमेहाचा परिणाम झालेल्या एका ताईंनीही हेच विचारलं. डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात देतात त्या औषधावरच्या लेखांचा जाडजूड गठ्ठा त्या घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी तो न उघडताच बाजूला सरकवला.

थोडा अहंकार असेलही, पण खरी अडचण वेळेची. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत दरवर्षी दहा लाखांहून जास्त नव्या नोंदी होतात, आणि ओपीडीत एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात. शिवाय गठ्ठ्यातले बरेच लेख उंदरांवरच्या प्रयोगांचे होते. निवडण्याचं काम ताईंनी डॉक्टरांवरच टाकलं होतं.

ताईंबरोबर बसून आम्ही गठ्ठ्यातली एकच चाचणी ठेवली: २०२० ची डॅपा-सीकेडी, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या ४,३०४ रुग्णांवर या औषधाची. निष्कर्षाआधी तीत कोणाला घेतलं होतं ते पाहिलं. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) २५ ते ७५, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन किती गळतं ते) २०० ते ५,०००, टाइप १ मधुमेह वगळलेला. वडिलांचे आकडे ४८ आणि ४२०, मधुमेह टाइप २. जुळलं. बहुतेक जण हीच पायरी गाळतात. खरं तर डॉक्टरांचा वेळ इथेच वाचतो, कारण जुने रिपोर्ट असतात घरच्यांकडे.

"धोका ३९ टक्क्यांनी कमी होतो ना?" ताई म्हणाल्या. तो आकडा तुलनेचा. मूत्रपिंड खूप बिघडणं किंवा मूत्रपिंड-हृदयाच्या कारणाने मृत्यू, हे सुमारे अडीच वर्षांत औषधाविना १४.५ टक्के जणांत घडलं, औषध घेणाऱ्यांत ९.२ टक्के. म्हणजे १९ जणांनी घेतलं तर एकाचं टळतं. कागदावर हेच लिहिलं.

कागद एकच पान: वर वय, आजार, चालू गोळ्या मात्रेसह, खाली शेवटच्या तीन तपासण्या तारखांसह, चाचणीचं नाव, शेवटी एक प्रश्न, "बाबांना हे चालेल का? नसेल तर कशामुळे?" 'सुरू करा' असं लिहायचं नाही, तिथेच बोलणं बिनसतं.

डॉक्टरांनी पान वाचलं आणि त्यात नसलेलंच विचारलं: उपास किती करतात? जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग झाला होता का? बाबा एकादशी निर्जळी करायचे. या औषधावर उपाशी राहिलं तर रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) वाढून जीवावर बेतू शकतं. निर्जळी बंद करायच्या अटीवर १० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर जरा उतरतो, म्हणून स्वतःहून गोळी थांबवू नका, हेही त्यांनी त्याच पानावर लिहून दिलं.