फोडणी, तडका, बघार, छौंक हे सगळं एकच का?

कॉलेज रोडच्या हॉटेलात मिळणारा 'दाल तडका' आणि घरचं फोडणीचं वरण यांत फरक काय, आणि हे शब्द आले कुठून, असं तुम्ही विचारलंय. कृती एकच आहे. प्रत्येक भाषेने तिच्यातलं वेगळं काहीतरी पकडलंय.

'फोडणी' आली फोडणे-फुटणे यांतून, म्हणजे मूळ संस्कृत 'स्फुट्'. फुटते ती मोहरी. बंगालीतलं 'फोडन' याच घराण्यातलं. मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप आणि राधुनी (ओव्यासारखं एक बी) किंवा मोहरी, सगळं अख्खं, हे त्यांचं 'पाँचफोडन'. कुणी बोलत असताना मध्येच खोचक शब्द टाकला की बंगालीत त्याला 'फोडन काटा' म्हणतात. 'तडका' पंजाबी-हिंदीकडचा, पण तडकणे आपल्याकडेही आहेच, काच तडकते. अर्थ पुन्हा फुटण्याचाच. हिंदीत पहाटेला 'तडके' म्हणतात, आपल्याकडे तांबडं फुटतं!

'बघार' आणि गुजराती 'वघार' मात्र निराळे. मूळ संस्कृत 'व्याघार', तूप शिंपडणं. यज्ञात अग्नीवर तुपाची धार सोडतात तो 'आघार'. इथे नाव मसाल्यावरून नाही, तुपावरून पडलं. छौंक आवाजावरून आला, आपल्या 'चर्र'सारखा. तमिळ ताळिप्पु आणि तेलुगू तालिंपु द्राविडी कुळातले.

फरक असलाच तर वेळेचा. आपण भाजी-आमटीला आधी फोडणी करतो, हॉटेलात तडका शेवटी ओततात. पण कोशिंबिरीवर, ढोकळ्यावर आपणही वरूनच घालतो.

वाटीभर तूरडाळीच्या वरणाला दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, तेवढंच जिरं पुरे. तेल तापलं की आधी मोहरीचा एकच दाणा टाका. तो लगेच वर येऊन फुटला तरच बाकीची घाला. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फाटते. तेल कोमट असेल तर मोहरी न फुटता नुसती तळली जाते आणि कडवट लागते. तडतड मंदावली की जिरं, हिंग, मग पुसून कोरडा केलेला कढीपत्ता. ओला असला तर तेल अंगावर उडतं. हळद आणि तिखट गॅस बंद केल्यावरच. जास्त तापलेल्या तेलात तिखट क्षणात काळं पडतं.

मिसळीची तर्रीही याच कारणाने फसते. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तेल भरपूर लागतं, पण तिखट घालताना ते धुरावलेलं नको.

भांडी बाजारात फोडणीची पळी घेणार असाल तर जाड बुडाची लोखंडी घ्या. पातळ स्टीलच्या पळीत तेल एका जागी भडकतं, निम्मी मोहरी फुटेपर्यंत उरलेली जळून जाते.