दिव्यांग उमेदवाराला नेट-जेआरएफला गुणांची सवलत मिळते का?

हो, मिळते: यूजीसी-नेट या प्राध्यापकपद व संशोधनासाठीच्या पात्रता परीक्षेत दोन्ही पेपर मिळून खुल्या गटाला किमान ४० टक्के लागतात, दिव्यांगांना ३५, म्हणजे ३०० पैकी १२० ऐवजी १०५. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या माहितीपत्रकातच हे दिलेलं असतं. पदव्युत्तरला ५५ ऐवजी ५० टक्के चालतात, जेआरएफच्या, म्हणजे संशोधनासाठी मिळणाऱ्या फेलोशिपच्या, वयोमर्यादेतही ५ वर्षांची सूट आहे. पण १०५ पडले म्हणजे फेलोशिप पदरात पडली, असं समजू नका. तेवढ्यावर फक्त विचार होतो. जेआरएफ विषयवार, प्रवर्गवार कटऑफवर ठरते, त्यामुळे अभ्यासाचं लक्ष्य १०५ ठेवणं धोक्याचंच. आणि हो, प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं. अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा रकाना तेवढा आठवणीने निवडा.